हे नाव आधीच घेतलेलं आहे

धाकटीने पब्लिशची कमांड दिली आणि पडद्यावर लाल ओळ उमटली. हे नाव आधीच घेतलेलं आहे.

तिला आधी हसूच आलं. ‘मोठ्ठंअक्षर’ हे नाव तिच्याशिवाय आणखी कुणाच्या डोक्यातून निघणार? जावास्क्रिप्टचं छोटंसं पॅकेज, कुणालाही घेऊन वापरता यावं म्हणून नेटवर टाकायचं. कुठल्याही वेबसाइटला जोडलं की तिथली बारीक अक्षरं एका बटणासरशी मोठी होतात. आईची नजर अधू झाल्यापासून धाकटी त्याच्याच मागे होती. सोमवारच्या मुलाखतीत, नोकरी सोडून घरी बसून काय केलंत असं विचारलं, की हे दाखवायचं ठरलं होतं. दाखवायला दुसरं काही नव्हतंच.

तिने त्या नावाचं पान उघडलं. कोड तिचाच होता, ओळ न ओळ. ‘आईला विचारून रंग बदलणे’ ही तिने स्वतःसाठी लिहिलेली टीपसुद्धा तशीच. लेखक म्हणून दादाचं नाव. कालच टाकलेलं.

दादा मागे सोफ्यावर मोजे काढत बसला होता. पॅकेजचा साचा त्यानेच लावून दिला होता. “टेम्प्लेट देतो, तू फक्त कोड आत भर,” म्हणाला होता. भरून झाल्यावर, एकदा नजर टाकतो म्हणून सगळं घेऊनही गेला. तिने डोळे झाकून दिलं. सख्ख्या भावाला काय पावती मागायची?

“दादा, हे काय आहे?”

त्याने मान वर केली, पान पाहिलं आणि दुसरा मोजा काढायला घेतला. “अगं, बढतीच्या वेळी ऑफिसात काहीतरी दाखवावं लागतं. आणि टेम्प्लेट माझंच होतं ना?”

“डबा तुझा होता. रिकामा. आतलं सगळं माझं.”

“मग टाक की दुसऱ्या नावाने. नावांचा काय दुष्काळ पडलाय?”

“आता मी टाकलं तर चोर मी ठरेन. तुझी तारीख आधीची आहे.”

दादाने मान खाली घालून मोज्यांची गुंडाळी केली. म्हणजे हे त्याच्याही लक्षात आलं होतं, आणि टाकण्याआधीच आलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. परक्या कुणी केलं असतं तर धाकटीने घर डोक्यावर घेतलं असतं. दादापुढे तिला नुसतं रडू येत होतं, आणि त्याचा तिला आणखी राग येत होता.

भिंतीला हात लावत आई बाहेर आली. “झालं का गं तुझं? सगळ्या जगाला दिसणार म्हणाली होतीस ना?”

धाकटीने पडद्याकडे पाहिलं.

“झालं, आई,” दादाच म्हणाला. “ये, हे बघ.”

आई नाक टेकेल इतकी वाकली. “मला नुसतं पांढरंच दिसतंय रे. हिचं नाव लिहिलंय ना? वाच बरं.”

दादाने वाचलं. स्पष्ट, मोठ्याने, धाकटीचं नाव, आडनावासकट. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. गप्प राहा, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

“कुठे आहे? बोट ठेव माझं त्याच्यावर.”

दादाने आईचं बोट धरलं आणि स्वतःच्या नावावर टेकवलं.

“एवढुसं आहे गं,” आई म्हणाली, आणि पुसलं जाऊ नये इतक्या हलक्या हाताने ते कुरवाळत राहिली.