पिठावरचा क्रूस

"कच्चा टोमॅटो, कच्चा कांदा, वर लिंबू. याला तुम्ही सालसा म्हणता? आमच्याकडे कोशिंबीर म्हणतात," कार्मेलीनबाई मुलाला म्हणाल्या. मेक्सिकोची सून वसईच्या घरात आज पहिल्यांदा रांधत होती, आणि सासूनं स्वतःपुरती पेज आधीच शिजवून ठेवली होती.

"एक टॅको तर खा, आई. मक्याच्या भाकरीत गुंडाळलेलं आपलं बीफच आहे."

"बघू."

सुनेनं परतलेलं बीफ झाकलं. मग मळलेल्या मक्याच्या पिठावर बोटानं क्रूस काढला आणि डोळे मिटले.

कार्मेलीनबाई सुनेजवळ सरकल्या. त्यांची आई भाकरीच्या पिठावर असाच क्रूस काढायची. सातासमुद्रापलीकडच्या या पोरीला तो कुणी शिकवला असेल?

त्यांनी पिठाचा गोळा उचलला. "पेज मांजराला घाल रे," म्हणाल्या, आणि सुनेशेजारी भाकरी थापू लागल्या.