सोडलेली पकड

चढाईत प्रणालीनं माझा घोटा धरला आणि लगेच सोडून दिला. जिची पकड अख्ख्या तालुक्यात कुणाला सुटत नाही, ती प्रणाली! पॉइंट मला मिळाला, टाळ्याही मलाच.

"सोडलंस का गं?"

ती मान खाली घालून पुटपुटली, "बाईंनी सांगितलंय. तुझे पप्पा लढाईवर गेलेत, फोनही लागत नाही त्यांचा..."

म्हणजे आठवडाभर सरावात मी जिंकत होते ती अशी! माझं डोकंच फिरलं.

पुढच्या चढाईला त्यांच्या अंगणात उभी राहिले आणि मुद्दाम 'कबड्डी' म्हणायचं थांबवलं. दम तुटला की आऊट. शिट्टी बाईंच्याच तोंडात होती, वाजली नाही.

"असू दे बाळ, ये परत."

"आऊट द्या मला!" मी किंचाळले. "माझे पप्पा मेलेले नाहीत!"