धुऱ्याची जागा

ग्रंथपाल शालीकराम जियालालच्या वहीत सहज डोकावला आणि जागीच थबकला. चार दिवसांची मेहनत, आणि सगळी पाण्यात!

चोरखमारा गावचा हा धानाचा शेतकरी जियालाल रोज एस.टी.नं तालुक्याच्या कॉलेजात यायचा आणि ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून इंग्रजी साहित्यातल्या संज्ञांचा कोश उतरवून घ्यायचा. त्याची पोरगी ओमेश्वरी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. महिनाभरापासून सांध्यांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली, आणि परीक्षा आठ दिवसांवर. कोश कॉलेजात एकच, तोही बाहेर न्यायचा नाही. झेरॉक्स म्हणावं तर भारनियमनात वीज दिवसभर गुल. शालीकराम तर नियमापुढे सख्ख्या भावाचंही ऐकणारा नव्हे. "मंग मीच लिवून नेतो," जियालाल म्हणाला होता. चौथी शिकलेला माणूस, ए-बी-सी-डी ठाऊक नाही. अक्षर बघायचं आणि तसंच काढायचं.

पण कोशाच्या पानावर शेजारी शेजारी दोन रकाने होते. डावा संपवून उजवा घ्यायचा, हे त्याला कोण सांगणार? त्यानं ओळ सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली होती. वर कागद वाया नको म्हणून मधली मोकळी जागाही सोडली नव्हती. एका संज्ञेचं डोकं, दुसरीचे पाय.

"जियालालभाऊ, पोरगी वाचते का हे?"

"वाचते ना सर! उशाशीच ठेवते. म्हणते, बाबा, तुमचं अक्षर छापील हाय."

आता याला सांगायचं तरी कसं? शालीकरामनं मागची पानं उलटली. प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीची एक वाकडीतिकडी रेघ होती. ओळीओळीतून वाट काढत, डाव्या रकान्याचं डावीकडे, उजव्याचं उजवीकडे करत गेलेली.

"ही कोणी ओढली?"

"तिनंच. मी इचारलं, काऊन वं बाई, हे काय करून राहिली? तर म्हणे, बाबा, दोन बांध्यांच्या मधात धुरा लागते का नाही? तसाच हा." लेकीनं रेघेला धानाच्या दोन खाचरांमधला बांध म्हटलं, म्हणून जियालाल कौतुकानं हसला.

शालीकरामला हसू आलं नाही. पहिल्या दिवसाची रेघ ठळक होती. मग कापरी, मग फिकट. कालच्या पानावर ती अर्ध्यातच थांबली होती. सुजलेल्या बोटांनी पोर बापाची चूक निस्तरत होती, आणि बापाला कळू देत नव्हती. शालीकरामला आपल्या नियमाची आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

"भाऊ, पुस्तकच घेऊन जा. मी पाहतो काय ते."

"कायले सर? एवढं जड तिच्यानं उचलत नाही. वही हलकी हाय."

शालीकरामनं कालचं पान उघडून वही त्याच्यापुढे सरकवली.

"मग आजपासून मधात दोन बोटं जागा सोडा."

"कागद वाया जाते ना."

"जाऊ द्या. धुरा आता तुम्हीच बांधा. तिच्या हातानं होऊन नाही राहिलं."

जियालालनं त्या अर्ध्या रेघेकडे पाहिलं. मग त्यानं नवं पान उघडलं, मधोमध डाव्या हाताची दोन बोटं घट्ट रोवली, आणि त्यांच्या अलीकडे पहिलं अक्षर काढलं.