मडमेची तबकडी

सुई पुन्हा ठेवली आणि या खेपेला रंगनाथला शब्द नीट कळले. त्याचा हात तसाच अधांतरी राहिला.

रेकॉर्ड प्लेअर कालच घरात आला होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर भिंगारच्या छावणीतल्या एका सुभेदाराची बदली झाली. त्याच्याकडून रंगनाथनं तो आईसाठी घेतला. घरातला जुना चावीचा फोनो आता नुसताच खरखरायचा.

तबकडी मात्र जुनीच. त्याची आई केशरबाई तरुणपणी नगरच्या मिशन बंगल्यात स्वयंपाकाला होत्या. तिथल्या अमेरिकन मडमेनं मायदेशी जाताना ती त्यांना देऊन टाकली. तिच्याकडच्या एका ऑपेरातलं गाणं होतं, आपल्या संगीत नाटकातल्या पदासारखं. एक बाई उंच, लांबलचक आवाजात कुणाला तरी हाका मारायची.

रंगनाथ लहानपणापासून दर रविवारी ते ऐकत आला होता. गाणं लागलं की आई पदर तोंडाला लावून बसे. तिचे खांदे हलत, डोळे भरून येत. दादा, म्हणजे त्याचे वडील सूर्यभान, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत. थोरली बहीण सगुणा रंगनाथच्या जन्माआधीच तापानं गेली होती. ते गाणं तिचं आहे, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. मागच्या वर्षी दादा गेले. शेवटच्या आजारपणातसुद्धा गाणं लागलं तेव्हा ते उशीला टेकून उठून बसले होते.

रंगनाथ आता कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. आणि नव्या यंत्रातून ती बाई त्याला स्वच्छ सांगत होती, की तिच्या बदकानं पाद्र्याच्या टोपीत अंडं घातलंय. पाद्री टोपी मागतोय, ती अंडं मागतेय. काळजाला हात घालणाऱ्या त्या हाका बदकाला होत्या.

गाणं संपलं. केशरबाईंनी डोळे टिपले.

“आता कसं साफ ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या. “तू तर इंग्रजीचा मास्तर. काय म्हनती रं ती?”

रंगनाथनं तबकडी उचलली. तिच्यावर उगाच फुंकर मारली.

“आई आहे ती,” तो म्हणाला. “तिची लेक हरवलीय. तिला हाका मारतेय.”

केशरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. रंगनाथनं जवळ बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्याला कळलं, आई हसतेय.

“बदक हाय ते, बदक!”

“तुला माहीत होतं?”

“मडमेनंच सांगितलं हुतं. एवढी शिस्तीची बाई, पर हात पंखावानी हलवत चुलीभवती फिरली. अंडं कसं घातलं तेबी करून दावलं.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“कशी बोलू? तुझ्या दादांना वाटायचं, लेकीचं गानं हाय. त्यांचा तेवढाच आधार हुता. ते टोपी काढून बसले की मला आनखीच हसू फुटायचं. मंग त्यांच्या तोंडाकडं बघून रडू यायचं. दोन्ही एका पदरात.”

रंगनाथही हसला.

“पण मडमेला असलं गाणं तुला करून दाखवायचं सुचलं तरी कसं?”

केशरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

“सगुना गेली आन् मी अन्न सोडलं. घास गिळवतच न्हवता. जगायचंच न्हवतं मला. समद्यांनी समजावून बघितलं, हात टेकले. त्या दिवशी मडम बदक झाली आन् मला हसू आलं. हसले, तशी भूक लागली. तितंच चुलीपुढं बसून भाकरी खाल्ली.”

त्यांनी रंगनाथच्या गालावरून हात फिरवला.

“तवा तू पोटात हुतास.”