कुडाळ-मुंबई

"येष्टी सुटतली माझी! दार उघड!"

शकुबाईंनी गाठोडं काखेत मारलं होतं आणि मुलुंडच्या फ्लॅटची कडी त्या जिवाच्या आकांताने ओढत होत्या. त्यांचा मुलगा केयूर दारात आडवा उभा.

"आई, हे कुडाळ नाही, मुलुंड आहे. आणि बाबा मुंबईत वाट बघत नाहीयेत. बाबा गेले. कितीदा सांगू?"

शकुबाईंनी भोकाड पसरलं. नवरा गेल्याची बातमी त्यांना रोज नव्याने कळायची.

"बघितलंस?" केयूर बहिणीला म्हणाला. "बास झालं आता. वसईचा वृद्धाश्रम चांगलाय. सोमवारी नेऊया."

"मला ओळखते ना अजून," मनाली म्हणाली. "ओळखते तोवर ती इथेच राहणार."

हे वाक्य ती पाठ केल्यासारखं म्हणायची. आत काहीच हलायचं नाही. आई रडो, केयूर ओरडो, सगळं शेजारच्या घरात चाललंय असं वाटायचं. बधिर झाली होती बाई, सरळ सांगायचं तर.

एकेकाळी हीच मनाली टेबलाभोवतीच्या पाच-सहा जणांना जंगलात नेऊन घाबरवायची. पवईच्या हॉस्टेलात तिला हा खेळ भेटला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. तो नाद काही सुटला नाही. त्यातून कॉमिक्स आली, खेळातल्या योद्ध्यांच्या रंगवलेल्या चिमुकल्या बाहुल्यांनी कपाट भरलं, जिवाभावाचे दोस्त मिळाले, गेम बनवायची नोकरीसुद्धा. रविवारी टोळी घरी जमली की शकुबाई भजी तळायच्या आणि विचारायच्या, "आज कोण मेलो?"

त्या टेबलावर मनालीचा एकच कायदा. कुणी म्हणालं, मी पुलावर उभा आहे, तर पूल नाहीच असं म्हणायचं नाही. पूल आहे. पुढे काय?

आणि इथे गेलं वर्षभर दोघं बहीणभाऊ आईला पूल नाही, पूल नाही म्हणून सांगत होते! मनालीला स्वतःचीच लाज वाटली.

"सरक रे," ती केयूरला म्हणाली. ऑफिसची बॅग खांद्याला अडकवली आणि खणखणीत आवाज लावला. "चला, कुडाळ-मुंबई! मुंबईवाले कोण?"

शकुबाई रडायच्या थांबल्या. "मी! मी आसंय!"

"मग चढा की मावशी. खिडकीकडची घ्या."

शकुबाई सोफ्यावर टेकल्या, गाठोडं मांडीवर घेतलं. मनालीने तोंडानेच टिंग टिंग केलं. गाडी सुटली. केयूर तोंड वासून बघत राहिला. शकुबाई चक्क हसत होत्या आणि मनालीला कितीतरी दिवसांनी मजा येत होती. आश्रम गेला खड्ड्यात, असं रोज जमेल की!

"मुंबईत कोण आहे मावशी तुमचं?" तिने विचारलं.

शकुबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि कंडक्टरला खुणेने जवळ बोलावलं.

"एक बाई आसा थय," त्या कुजबुजल्या. "रोज विचारता, आई, माका वळखलंस? माका काय तिची वळख लागणा नाय. पण मी आपली व्हय म्हणतंय. नाय म्हटलंय तर रडतली बिचारी."