जागा नव्हती

सातशे एमबी. अठरा गाणी. एक नवी साडी. नखाएवढं कार्ड.

"आजोबा, सातशे एमबी म्हणजे एक जीबीसुद्धा नाही. पॉइंट सात," लॅपटॉपवरून मान वर न करता प्रज्ञा म्हणाली.

दत्तारामांचा पारा चढला. "अगं, आख्खा संप आहे त्या सीडीत!"

ब्याऐंशी साली गिरणीच्या गेटवर घसा फोडून म्हटलेली गाणी त्यांनी दोन हजार चारमध्ये परळच्या एका स्टुडिओत पुन्हा गाऊन सीडीवर उतरवली होती. आणि नात सांगत होती, या एवढ्याशा कार्डात अशा नव्वद सीड्या मावतील.

"पण यात आजीचं गाणं का नाही? गेटवर तीपण म्हणायची ना?"

"जागा नव्हती. ऐंशी मिनिटांच्या सीडीत किती कोंबणार?"

स्टुडिओत नव्या साडीची घडी मोडून आलेल्या अनुसयेलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली आणि सगळ्यांसाठी चहा सांगायला खाली गेली.

"आता हवी तेवढी जागा आहे, आजोबा. आजीचं कुठे रेकॉर्ड केलंय? द्या, टाकते."

"कुठेच नाही!" दत्ताराम ओरडले. "नऊ वर्षं झाली तिला जाऊन. आता काय करू तुझ्या जीबीचं?"

***

अनुसयेचं गाणं चार मिनिटांचं होतं, आणि त्या दिवशी सीडीवर अकरा मिनिटं शिल्लक होती.