पाच चमचे मीठ

चौथा चमचा मीठ घालतानाही चिमी कचरली नाही. तिने पाचवाही घातला, छोटं पातेलं नीट ढवळलं आणि आचाऱ्याला बजावलं, "याला कोणी हात लावायचा नाही. हे खास पाहुण्यांसाठी आहे."

पाहुणे म्हणजे तो समीक्षक. पाच वर्षांपूर्वी याच माणसाने वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात बाबांच्या हॉटेलवर दहा ओळी खरडल्या होत्या. चिमीला त्या तोंडपाठ होत्या. ‘मिसिर इतकं खारट, की घास घशाखाली उतरेना. आचाऱ्याने वाढण्यापूर्वी एकदा चाखून बघायला काय हरकत आहे?’ दोन महिन्यांत गिऱ्हाईक आटलं आणि वर्षाच्या आत हॉटेलला कुलूप लागलं. चिमी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती धावत आली तोवर बाबांनी हातातला डाव खाली ठेवला होता, तो कायमचाच.

बाबा तरुणपणी एका इथिओपियन आचाऱ्याच्या हाताखाली हा स्वयंपाक शिकले होते. वीस वर्षं लोक त्यांच्या मिसिरसाठी, म्हणजे लाल मसुरीच्या तिखट कालवणासाठी, ताटकळत उभे राहत. आणि हा दीडशहाणा त्यांना चाखायला शिकवणार!

चिमीने नोकरी सोडली आणि त्याच जेवणाचं स्वतःचं हॉटेल काढलं. लोणी नाही, दूध नाही, अंडं नाही. व्हीगन मंडळींनी ते डोक्यावर घेतलं. बाबा रोज येत, दाराजवळच्या टेबलावर नॅपकिनांच्या घड्या घालत बसत. समोर येईल ते जेवत. करपलेली कॉफीसुद्धा निमूट पीत. पूर्वी फोडणी जराशी लागली तरी आकाशपाताळ एक करणारा माणूस! त्यांना असं बघून चिमीचं काळीज तुटायचं आणि मग ती त्या समीक्षकाच्या नावाने दातओठ खायची.

मागच्या महिन्यात बाबांचा जुना वाढपी भेटला आणि सहज बोलून गेला, "त्या साहेबांना कसली आलीय चव, ताई! बारा महिने नाक चोंदलेलं. आपल्याकडे जेवले तेव्हाही रुमाल नाकावरून हलत नव्हता."

चिमीला एवढं पुरे होतं. तिने समीक्षकाला दुपारच्या जेवणाचं आमंत्रण धाडलं. त्याच्या संपादकबाईंनाही आग्रहाने बोलावलं. बाबा टेबलावर बसायला तयार नव्हते.

"मागचं मागे राहू दे, चिमे," ते म्हणाले.

"नुसते बसा हो, बाबा. माझ्यासाठी."

त्यांच्या डोळ्यांदेखतच हे व्हायला हवं होतं.

थाळी आली. आंबवलेल्या पिठाची मोठी, मऊ, जाळीदार पोळी थाळीभर अंथरलेली आणि तिच्यावर कालवणांचे ढीग. मधोमध लालभडक मिसिर.

"चमचे नाहीत वाटतं?" संपादकबाईंनी विचारलं.

"इथे सगळ्यांनी एकाच थाळीत, हाताने जेवायचं," चिमी हसून म्हणाली. "आणि पहिला घास घरातल्या वडीलधाऱ्याने पाहुण्याला भरवायचा. गुर्शा म्हणतात त्याला. नाही म्हणायचं नसतं."

"भरवून घ्यायचं वय राहिलं का माझं?" समीक्षक रुमालाने नाक पुसत म्हणाला.

"बाबा, मिसिरचा भरवा."

बाबांनी पोळीचा तुकडा तोडला, चांगला मोठा घास केला आणि समीक्षकाच्या तोंडात दिला. एकदा चावून समीक्षकाचा जबडा जागीच थांबला. डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं असेल, चिमीला वाटलं. बाबांनी आपली बोटं स्वच्छ चाटली आणि जरा अधीरपणे विचारलं, "जमलंय ना?"

समीक्षक त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने घास गिळला.

"छान," तो म्हणाला. "अगदी छान जमलंय."

चिमीला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पाच वर्षं वाट बघितली होती तिने या शब्दांची.

"बाई, तुम्हीही घ्या ना."

संपादकबाईंनी घास तोंडात घातला आणि तसाच नॅपकिनमध्ये काढला. "अगंबाई! हे काय? नुसतं मीठ आहे हे!"

"पाच चमचे!" चिमी उठून उभी राहिली. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "पाच चमचे घातलंय मी, स्वतःच्या हाताने. आणि तुमच्या या तज्ज्ञांना ते छान लागलं! याच जिभेने यांनी माझ्या बाबांचं हॉटेल बुडवलं. माझ्या बाबांना खारट म्हणाले हे!"

समीक्षकाचा चेहरा लाल झाला. त्याने बोलायला तोंड उघडलं, बाबांकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

"चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. "तेव्हाही चुकलं असेल. तसं छापा हवं तर."

"छापू की," संपादकबाई पर्स उचलत म्हणाल्या. "आणि पुढच्या आठवड्यापासून सदराला दुसरं कोणीतरी बघू."

समीक्षकाने मान डोलावली. बाबांना वाकून नमस्कार केला आणि संपादकबाईंच्या मागोमाग तो बाहेर पडला. चिमी धपकन खुर्चीत बसली. एवढा पाणउतारा तर तिने मनातसुद्धा धरला नव्हता.

"बघितलंत, बाबा?"

बाबा खाली मान घालून जेवत होते. मिसिरचा ढीग जवळजवळ संपला होता.

"उगाच बोललीस त्या बिचाऱ्याला," घास चावत ते म्हणाले. "पाच चमचे म्हणे! जा, मीठ घेऊन ये बघू जरा. अगदीच अळणी झालंय."